समुद्राचं वेळापत्रक

६ जानेवारी

आजपासून रोजनिशी. विषय: समुद्र.

निवृत्त झालो, समुद्रासमोर फ्लॅट घेतला, राहायला आलो आणि समुद्राकडे अजून नीट बघितलेलंच नाही. बाल्कनीतून दिसतो. कधी जवळ असतो, कधी लांब. का, ते माहीत नाही. हे बरोबर नाही.

जन्म गेला बसच्या ऑफिसात, वेळापत्रक विभागात. शहरातली प्रत्येक बस कधी सुटणार आणि कधी पोचणार हे माझ्या टेबलावर ठरायचं. समुद्राला तरी दुसरं काय काम आहे? येणं आणि जाणं. महिन्याभरात त्याचं वेळापत्रक काढतो. बंदरावर भरती-ओहोटीचा छापील तक्ता लावतात म्हणे. तो बघायचा नाही. फोनवर बघायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. फक्त निरीक्षण.

ही (म्हणजे बायको) नोव्हेंबरपासून तिच्या ताईकडे आहे. हवापालट. इथली दमट हवा तिला मानवत नाही. फेब्रुवारीत येईन, असं काल फोनवर म्हणाली. आली की तिला दिव्याच्या खडकावर न्यायचं. किनाऱ्यापासून थोडा आत एक मोठा खडक आहे, त्यावर जुना, बंद पडलेला दीपस्तंभ. ओहोटीला दगडांची वाट उघडी पडते आणि चालत जाता येतं. फ्लॅट बघायला आलो होतो तेव्हा तिने विचारलं होतं, तिकडे जाऊया का. मी म्हटलं, आधी नळ तपासू. मग ते राहूनच गेलं.

आता जाऊ. वेळ काढून देतो.

रात्री ब्रेड.

७ जानेवारी

दुपारी पाणी जवळ. सकाळी लांब होतं. संध्याकाळी पुन्हा लांब.

९ जानेवारी

परत तेच. दुपारी भरती. म्हणजे नियम सापडला: सकाळ-संध्याकाळ ओहोटी, दुपारी भरती. बसच्या नेमकं उलटं. बसला सकाळ-संध्याकाळ गर्दी असते आणि दुपारी डेपोत सामसूम.

महिना लागेल म्हटलं होतं, चार दिवसांत झालं. आनंद झाला. म्हणजे व्हायला हवा होता. चहा केला.

१० जानेवारी

हिला फोन करून नियम सांगितला. तिने विचारलं, स्वयंपाकघरातले खोके उघडले का. राहायला आलो तेव्हापासून ते तसेच आहेत. म्हटलं, समुद्र झाला की खोके. ती म्हणाली, बरं. मग ताईच्या दुकानाचं काहीतरी सांगत होती. तेवढ्यात खाली पाणी मागे सरकताना दिसलं म्हणून फोन ठेवला.

हल्ली 'बरं' फार म्हणते. तिकडची हवा मानवलेली दिसते.

१४ जानेवारी

दुपारी बाल्कनीत गेलो. समुद्र नाही.

म्हणजे आहे, पण पार तिकडे. नुसती ओली वाळू आणि तिच्यावर फिरणारी कुत्री. रविवार नाही, सुट्टी नाही, तरी दुपारची फेरी रद्द. आमच्याकडे असं झालं असतं तर संबंधितांना मेमो गेला असता.

नियम चुकलेला नाही. अंमलबजावणी चुकते आहे.

१५ जानेवारी

आज लक्षात आलं. समुद्र रोज थोडा उशीर करतो. कालच्यापेक्षा आज पाऊण तास उशिरा, आजच्यापेक्षा उद्या पाऊण तास उशिरा. तो साठत साठत दुपारची भरती संध्याकाळवर गेली. असाच एक ड्रायव्हर होता आमच्याकडे. रोज थोडा उशिरा यायचा, शेवटी इतका उशीर झाला की पुढच्या पाळीला वेळेवर आला.

उशीर ठरावीक असला की त्याला उशीर म्हणत नाहीत. त्याला वेळापत्रक म्हणतात. हे वाक्य मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं होतं. कोणी लिहून घेतलं नव्हतं.

१८ जानेवारी

फरशी पुसायच्या वायपरचा दांडा काढला आणि वाळूत रोवला. पाणी कुठपर्यंत येतं ते बघायला त्यावर खुणा करायच्या होत्या. बाथरूमच्या कपाटात हिची लाल नेलपॉलिश होती. ती कामाला आली. बाटली मागे ठेवून गेली याचा अर्थ परत येणार, हे उघड आहे. (वाळून घट्ट झाली होती. कोमट पाण्यात ठेवावी लागली.)

फरशी आता वाकून पुसावी लागेल. म्हणून पुसली नाही.

आज दिवसभर कोणाशी एक शब्द बोललो नाही. कालही नाही. घशाला तेवढाच आराम.

२१ जानेवारी

पाण्याची मर्यादा ठरली. लागोपाठ दोन दिवस बघितलं. भरती अगदी भरात असताना पाणी दांड्याच्या दुसऱ्या खुणेपर्यंत येतं आणि तिथून मागे फिरतं. त्या वेळी वाळू जिथवर भिजली तिथे दगडगोट्यांची एक रांग लावली. या रांगेच्या अलीकडे समुद्र येत नाही. कोणीही निर्धास्त बसावं.

२३ जानेवारी

ज्ञान आपल्यापुरतं ठेवू नये. लिफ्टमध्ये आरशाशेजारी कागद लावला: 'समुद्र: आजची स्थिती'. खाली भरतीची वेळ, ओहोटीची वेळ आणि 'गोट्यांच्या रांगेच्या वर धोका नाही'. अक्षर अजून चांगलं आहे माझं.

वरच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात. लिफ्टमध्ये भेटले, कागद पूर्ण वाचला आणि म्हणाले, वा, फार उपयोगी. मी काहीतरी उत्तर देणार होतो, पण बऱ्याच दिवसांत न बोलल्यामुळे आधी खोकला आला. तोवर मजला आला.

२४ जानेवारी

मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, नोकरी करते. कागदाचं सांगितलं. म्हणाली, बाबा, हे सगळं फोनवर येतं, वर्षभराचं येतं, मिनिटांसकट. म्हटलं, मग मी काय करू?

ती म्हणाली, जेवलात का. तिलाही पटलं असावं.

२९ जानेवारी

लिहायची इच्छा नाही, पण नोंद हवी.

डॉक्टरांचे सासू-सासरे आले होते. डॉक्टरांनी सकाळी लिफ्टमधला कागद वाचला आणि सगळ्यांना गाडीत घालून खाली वाळूवर नेलं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना गाडीतूनच सूर्यास्त दिसावा म्हणून. गाडी गोट्यांच्या रांगेच्या वर लावली, चांगली दोन हात वर. डॉक्टरांनी खाली उतरून मला हाक मारून दाखवलंसुद्धा. मी बाल्कनीतून अंगठा वर केला.

सूर्य बुडायच्या सुमाराला पाणी रांगेशी आलं. थांबलं नाही. गोटे दिसेनासे झाले. डॉक्टर बायको-सासऱ्यांबरोबर लांब फोटो काढत होते. सासूबाई आत होत्या. गाडी सुरू होईपर्यंत मागची चाकं वाळूत बसली. सासूबाईंनी पाय वर सीटवर घेतले आणि तशाच बसून राहिल्या, पर्स छातीशी धरून. शेवटी चार-पाच जणांनी त्यांना उचलून आणलं आणि दोर लावून गाडी ओढली.

मी खाली गेलो नाही. गर्दीत एका माणसाने काय फरक पडणार?

गाडी जरा तिरकी लावली होती. त्याने पाणी वळलं असावं.

३० जानेवारी

कागद काढला. म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरीने काढला. आरशावर चिकटपट्टीचे चार तुकडे राहिलेत.

दांडाही गेला. रात्रीच्या भरतीत. गोटे विखुरले.

मुलीला फोन केला, सहज म्हणून. तिने सांगितलं: अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर येतं आणि खूप खालीही जातं. मध्ये अष्टमीच्या सुमाराला भांग. तेव्हा दोन्ही कमी. ना फार वर येत, ना फार खाली जात. मी गोटे लावले ते भांगाच्या दिवसांत, गाडी बुडाली ती अमावस्येला. म्हणजे एवढंच.

अमावस्येचं पटलं, कारण डोळ्यांनी बघितलं. दुसरं, भांगाचं, अजून बघितलेलं नाही. जे बघितलं नाही ते धरायचं नाही, असं पहिल्याच दिवशी ठरलंय.

डॉक्टर लिफ्टमध्ये भेटले. दोघंही आरशात बघत वर गेलो.

५ फेब्रुवारी

दुपारी स्वयंपाकघरात उभा होतो. कशाला आलो होतो ते आठवेना. उभाच राहिलो. फ्रिजचा आवाज सुरू झाला, बंद झाला, पुन्हा सुरू झाला. बाहेर आलो तेव्हा उन्हाची तिरीप सोफ्यावरून खाली जमिनीवर गेली होती.

पाणी: बघायचं राहिलं.

८ फेब्रुवारी

हिचा फोन. एकवीस तारखेला येते म्हणाली. ताईही येणार. सामानाला हात लागेल म्हणून. येताना कितीसं सामान असणार, पण ताईंना पहिल्यापासून हौस.

म्हणाली, बोलायचं आहे. म्हटलं, ये तर खरं, भरपूर बोलू, खडकावर निवांत वेळ मिळेल. विचारलं, कुठला खडक? म्हटलं, तुझाच. तिला आठवत नव्हतं.

आठवेल, समोर दिसला की.

१३ फेब्रुवारी

आज एकट्याने रंगीत तालीम. पूर्ण यशस्वी.

दुपारी गेलो. समुद्र लांबवर मागे गेलेला, दगडांची वाट कोरडी ठणठणीत, एसटी स्टँडच्या फलाटासारखी रुंद. चालत खडकावर. दीपस्तंभाला कुलूप आहे, पण पायऱ्या बसायला छान. बिस्किटं खाल्ली. अर्धी डुलकी झाली. उठलो तरी वाट उघडीच. रमतगमत परत आलो. पायाला पाणी लागलं नाही.

मुलगी म्हणाली असती, काल पौर्णिमा झाली म्हणून. असेल.

खडकावर बसल्यावर कसं वाटलं ते लिहायचं म्हणून आठवून बघितलं. काही वाटलं नाही. म्हणजे छान होतं.

आता हिशेब सोपा आहे. रोजचा पाऊण तास आणि वर थोडं, असं पुढे नेत गेलं की बावीस तारखेला सकाळी आठच्या सुमाराला ओहोटी. सकाळी नाश्ता करून निघायचं, खडकावर दोन तास, जेवायला घरी.

१९ फेब्रुवारी

साफसफाई. खोके बाल्कनीत नेऊन रचले, घर मोठं दिसतं.

फ्रिजवर जुनं घरगुती वेळापत्रक आहे, ते काढू की ठेवू कळेना. निवृत्त झालो त्या आठवड्यात केलं होतं. चहा, आंघोळी, भाजी आणणे, विश्रांती. ही म्हणायची तुम्ही माझ्याशी बोलत नाही, म्हणून संध्याकाळी अर्धा तास 'बोलणे' ठेवला होता. वेळ झाली की मी टीव्ही बंद करून समोर येऊन बसायचो. पण तेव्हा तिला काही सुचायचं नाही. तिच्याकडून प्रतिसाद कमी पडला.

ठेवलं.

मुलीचा फोन. तिला तारीख कळल्यावर म्हणाली, बाबा, ते भांगाचे दिवस आहेत, वाट उघडलीच तर जेमतेम उघडेल. म्हटलं, जेमतेम म्हणजे किती? म्हणाली, आईला घरीच बोलू दे ना. ती काय सांगते ते ऐका फक्त.

ऐकणार आहेच. खडकावर.

२१ फेब्रुवारी

आल्या. ताईंनी दारातच म्हटलं, भावोजी, बारीक झालात. हिने माझ्याकडे बघितलं.

दोन मोठ्या बॅगा आणल्यात. रिकाम्या. इथून काही खरेदी करून नेणार असतील.

विशेष म्हणजे हिने चहा झाल्या झाल्या बाल्कनीतले खोके उघडायला घेतले. एका बाजूला काही, दुसऱ्या बाजूला काही, असं लावत होती. शेवटी घर लागतंय. रात्री बऱ्याच दिवसांनी घरात भाजीला फोडणी पडली. ती आणि ताई आतल्या खोलीत, मी हॉलमध्ये सोफ्यावर. आतून हळू आवाजात बोलणं चालू होतं. झोप चांगली लागली.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

अंगावर दोन चादरी घेऊन लिहितोय. सविस्तर लिहितो.

सकाळी निघायला उशीर झाला. माझ्यामुळे नाही, ताईंच्या चहामुळे. किनाऱ्यावर गेल्यावर ताई म्हणाल्या, मी काही दगडांवरून चालणार नाही, इथे बाकावर बसते, तुम्ही दोघं जाऊन या. मग हिला म्हणाल्या, सांगून टाक. काय ते मी विचारलं नाही.

वाट उघडी होती. म्हणजे दगडांचे माथे उघडे होते आणि मधून मधून पाणी होतं. तेरा तारखेसारखी नव्हती, हे मान्य. हिला म्हटलं, आपण जरा लवकर आलोय, अजून उतरेल. उशिरा आलो होतो, पण लवकर म्हटलं की माणूस निश्चिंत होतो.

एका शेवाळलेल्या दगडावर तिचा हात धरला. पुढच्या दगडावर तिने तो सोडवून घेतला. तोल चांगला आहे तिचा.

खडकावर पोचलो. खालच्या पायरीवर चपला काढल्या, वर जाऊन बसलो. वारा होता. मी तिला उशिराचा नियम समजावून सांगायला घेतला, बसचं उदाहरण देऊन. ती ऐकत होती. ती पहिल्यापासून ऐकते. माझं संपल्यावर म्हणाली,

"अहो, मी परत येणार नाहीये."

म्हटलं, मार्चमध्ये ये मग, मार्चमध्ये हवा कोरडी असते.

"हवेचं नाही. मी ताईकडेच राहणार. कायमची."

ताईंचं कपडे दुरुस्त करून द्यायचं दुकान आहे. ही तिथे काउंटर सांभाळते. मला हे ठाऊक नव्हतं. की तिने सांगितलं होतं, जानेवारीत, फोनवर. म्हणाली, दिवसभर माणसं येतात-जातात. कोणाची चेन तुटलेली असते, कोणाला पँट कमी करून हवी असते, आणि जाता जाता विचारतात, कशा आहात. म्हणाली, "तुम्हीही विचारता. पण उत्तराला थांबत नाही."

आवाज चढलेला नव्हता. डोळ्यांत पाणी वगैरेही नव्हतं. दुकानाची वेळ सांगावी तसं सांगितलं.

आता मी काहीतरी बोलायचं होतं. ते मला कळत होतं. मी पाण्याकडे बघितलं आणि म्हटलं,

"अजून उतरतंय."

तिने खाली बघितलं. आमच्या चपला पाण्यात होत्या. माझी एक तर तरंगायला लागली होती. ती खाली गेली, स्वतःच्या चपला उचलल्या, माझ्या उचलून वरच्या पायरीवर ठेवल्या आणि म्हणाली, पाणी चढतंय, चला. म्हटलं, थांब, लाट आहे ही, मी हिशेब केलाय. ती थांबली. बरीच थांबली. मग म्हणाली, "येताय?"

म्हटलं, अर्ध्या तासात वाट कोरडी होईल, मग आरामात जाऊ.

ती गेली. एका हातात चपला, दुसऱ्या हाताने कपडे वर धरलेले. पाणी घोट्यापर्यंत, मग पोटऱ्यांपर्यंत, मध्ये एका ठिकाणी गुडघ्याच्याही वर. एकदाही घसरली नाही. एकदा मागे वळली. मी हाताने खूण केली की थांब, उतरेल. ताई बाकावरून उठून पाण्यात पुढे आल्या होत्या. दोघींनी एकमेकींना घट्ट धरलं आणि तशाच बराच वेळ उभ्या होत्या.

मग वाट बुडाली.

मी हिशेब पुन्हा केला. उत्तर तेच आलं.

थोड्या वेळाने एक होडी आली. होडीवाला म्हणाला, बाईंनी पाठवलंय. म्हटलं, गरज नाही, वाट उघडेल. तो म्हणाला, संध्याकाळी. म्हटलं, बघू. तो जरा वेळ वल्हं धरून थांबला, मग गेला.

खडकावरून आमची बिल्डिंग स्वच्छ दिसते. आमची बाल्कनीही. दुपारी खाली टॅक्सी आली. बॅगा ठेवल्या, आता फुगलेल्या. शिलाई मशीन दोघींनी मिळून उचललं. टॅक्सी भरल्यावर ही एकटीच चालत किनाऱ्यापर्यंत आली आणि उभी राहिली. फोन माझ्याकडे नव्हता, घरी चार्जिंगला होता. एवढ्या लांबून आवाज जात नाही, म्हणून हाक मारली नाही. ती उभी होती तोवर मीही उभा होतो. मग तिने वर बघून डॉक्टरांना काहीतरी सांगितलं. ते त्यांच्या बाल्कनीत आले होते. मग ही गेली.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघून हात हलवला. मदत मागतोय असं वाटू नये म्हणून मी बेतानेच हलवला.

संध्याकाळी दगडांचे माथे वर आले. गुडघाभर पाण्यातून घरी आलो. एकूण अंदाज बरोबर होता. वाट उघडली. फक्त वेळ पुढेमागे झाली.

२३ फेब्रुवारी

घर आवरलेलं आहे. खोके एकही नाही. जे तिचं ते गेलं, जे माझं ते फळीवर लावलेलं. माझ्या वस्तू एवढ्या कमी आहेत, हे लक्षात आलं नव्हतं.

फ्रिजमध्ये डबे भरून ठेवलेत. भात, आमटी, दोन भाज्या. गरम करून खाल्लं. मीठ बरोबर होतं.

२६ फेब्रुवारी

मुलीचा फोन. आई बोलली का, विचारलं. म्हटलं, हो, बोललो. मग तुम्ही काय म्हणालात, विचारलं. म्हटलं, समुद्राबद्दल बोललो थोडं.

समुद्राबद्दल? असं तिने दोनदा विचारलं. लाइन खराब असावी. मग म्हणाली, पुढच्या महिन्यात रजा घेऊन येते. म्हटलं, कशाला, मी ठीक आहे.

डबे संपले.

२८ फेब्रुवारी

अमावस्या. उधाण असणार. बघायला उठलो नाही. खालून भिंतीवर पाणी आपटल्याचा आवाज येत होता. वेळ घेतली नाही.

३ मार्च

संध्याकाळी डॉक्टर आले. गाडीच्या प्रकारानंतर पहिल्यांदाच. दारातच म्हणाले, पाहुणे आलेत, खडकावर जायचं म्हणताहेत, उद्या त्यांना कधी पाठवू? फोन त्यांच्या हातातच होता.

मी तोंड उघडलं. हिशेब करायला कुठून सुरुवात करायची ते आठवेना. मग म्हटलं,

"मला नाही माहीत."

ते म्हणाले, बरं. पण गेले नाहीत. आत आले, बसले. मी चहा केला. त्यांनी विचारलं, वहिनी कधी येणार? म्हटलं, नाही येणार.

हे मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. घरात ते नीट ऐकू आलं.

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता समजुतीचं काहीतरी बोलणार. त्यांनी विचारलं, चहा एकाच बाजूने का पिताय? म्हटलं, कल्पना नाही. ते उठले, मला दिव्याखाली बसवलं, आ करा म्हणाले आणि फोनचा टॉर्च लावून आत बघितलं. डावी खालची दाढ पार गेलीय, म्हणाले. खाली पू झालाय, गाल सुजलाय. हे आठवड्याभराचं नाही, महिन्यांचं आहे. एवढं झालं की माणसं भिंतीवर डोकं आपटून घेतात.

"दुखत नाही?" त्यांनी विचारलं.

विचार केला. म्हटलं, "दुखत असेल."

उद्या अकरा वाजता बोलावलंय.